चर्चचा शिक्का

मायामीच्या डाउनटाउनपासून उत्तरेला गाडीने पंधरा-वीस मिनिटं गेलं की काचेचे मनोरे मागे पडतात आणि पाट्यांची भाषा बदलते. इंग्रजी आणि स्पॅनिशच्या जागी क्रिओल दिसू लागते. पैसे पाठवायची दुकानं, केस विंचरून-गुंफून देणारी पार्लरं, केळ्याच्या तळलेल्या चकत्या आणि डुकराचं खरपूस मटण देणाऱ्या खानावळी, मधूनच कुणाच्या तरी परसातली कोंबडी. हे लिटल हैती. व्हितेर ज्युस्त नावाच्या एका हैतीयन व्यापारी-कार्यकर्त्याला या नावाचं श्रेय दिलं जातं. ईशान्य ६२व्या रस्त्यावर इथलं कॅथलिक चर्च आहे, नोत्र दाम द'हैती.

हे चर्च म्हणून बांधलेलंच नव्हतं. इथे मुलींची एक कॅथलिक शाळा होती, ती बंद पडली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मप्रांताने ती जागा हैतीहून आलेल्या लोकांसाठी दिली आणि शाळेच्या जेवणघरात वेदी मांडून मिस्सा सुरू झाली. आवारातल्या केंद्राला नाव दिलं पिएर तुसाँ यांचं. तुसाँ हैतीत गुलाम म्हणून जन्मले, मालकाबरोबर न्यूयॉर्कला आले, श्रीमंत बायकांचे केस रचून देण्याच्या कमाईतून त्यांनी इतर गुलामांची सुटका विकत घेतली. १८५३ साली वारलेल्या या केशरचनाकाराचे अवशेष आज न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलच्या तळघरात, आर्चबिशपांच्या रांगेत आहेत. नाव निवडणाऱ्याला आपली माणसं नीट ठाऊक होती, एवढं नक्की.

केंद्र ज्यांनी वर्षानुवर्षं चालवलं ते फादर थॉमस वेन्स्की पोलिश वंशाचे, जन्म फ्लोरिडातलाच. ते क्रिओल शिकले आणि क्रिओलमध्येच प्रवचन करू लागले. पुढे ते मायामीचे आर्चबिशप झाले. पण १९८०च्या दशकात त्या जेवणघरातल्या मिस्सेला येणाऱ्यांना बिशपपेक्षा वकिलाची गरज जास्त होती. क्यूबातून होडीने आलेल्याला अमेरिका निर्वासित मानून ठेवून घेई. हैतीतून तशाच होडीने आलेल्याला पोटासाठी आलेला घुसखोर ठरवून क्रोमच्या छावणीत डांबलं जाई. सप्टेंबर १९८१मध्ये रेगन सरकारने हैतीच्या हुकूमशहाशी करार करून समुद्रातच होड्या अडवायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात, २६ ऑक्टोबरला, हिल्सबरो बीचच्या वाळूवर ३३ हैतीयनांची प्रेतं लागली. एकाच शहरात एकाच समुद्रातून आलेल्या दोन माणसांना दोन न्याय. लिटल हैतीतलं कुठलंही घर या अनुभवापासून लांब नाही. एडविज दांतिका ही जगभर वाचली जाणारी लेखिका मायामीत राहायची. तिचे काका ८१ वर्षांचे पाद्री होते. २००४ साली ते आश्रय मागायला आले, त्यांना क्रोमला नेलं आणि कोठडीतच ते गेले. तिने त्यावर पुस्तक लिहिलं.

चर्चची ही पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय २०१०मध्ये तिथे काय झालं ते कळणार नाही. हैतीतल्या धरणीकंपानंतर मदत कुणी केली याच्या याद्या खूप झाल्या. मला कुतूहल आहे ते या एका धर्मग्रामाचं, कारण मदत करणारा आणि ज्याच्यावर कोसळलं तो, असे दोघं तिथे एकाच बाकावर बसले होते.

१२ जानेवारी २०१०, मंगळवार. संध्याकाळचे ४ वाजून ५३ मिनिटं. पोर्त-ओ-प्रँसच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, लेओगानजवळ, ७.० तीव्रतेचा धक्का. मायामी तिथून हजार-अकराशे किलोमीटर, विमानाने दोन तासांच्या आत. त्या दिवसांत घड्याळही तेच दाखवत होतं. म्हणजे लिटल हैतीतल्या बायका हॉटेलांतल्या खोल्या आवरून, वृद्धाश्रमातली पाळी संपवून बसची वाट बघत होत्या, नेमकी तीच वेळ.

मरण पावलेल्यांचा खरा आकडा कधीच ठरला नाही. सरकारने तो तीन लाखांच्या वर नेला, काही अभ्यासकांनी एक लाखाच्या आसपास धरला. राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा बसला. संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय ज्या ख्रिस्तोफर हॉटेलात होतं ते कोसळून तिथले प्रमुख हेदी अन्नाबी गेले. आर्चबिशप जोसेफ सेर्ज मियो गेले. ब्राझीलमधल्या लाखो बाळांना कुपोषणातून वाचवणारी चळवळ उभारलेल्या डॉ. झिल्दा आर्न्स त्या दिवशी पोर्त-ओ-प्रँसमधल्या एका चर्चमध्ये भाषण द्यायला आल्या होत्या, त्याही गेल्या. कॅथेड्रलचं छत खाली आलं. या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरचा दिवा एके काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवी. साक्रे-केर चर्च जमीनदोस्त झालं आणि बाहेरचा क्रूस तेवढा उभा राहिला. तो फोटो जगभर छापून आला. भाविकांना त्यात चमत्कार दिसला, अभियंत्यांना सुटा खांब आणि जड छत यांतला फरक दिसला असणार. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची तुकडीही त्या वेळी पोर्त-ओ-प्रँसमध्ये होती, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नाही.

मायामीत त्या रात्री फोन लागेनात. मोबाइलचे मनोरे पडलेले, जे उभे होते त्यांवर ताण. पोर्त-ओ-प्रँसचं सिग्नल एफएम हे रेडिओ केंद्र मात्र बोलत राहिलं. इंटरनेटवरून ते मायामीतही ऐकता येई. लोक नावं सांगत: अमक्या गल्लीतली अमकी जिवंत आहे, तिच्या बहिणीला कळवा. ऐकणारे कान लावून बसत. आणि दुसऱ्या दिवशी लोक चर्चमध्ये जमू लागले. रविवार नव्हता, सण नव्हता. चर्चचे प्रमुख धर्मगुरू फादर रेजिनाल्ड जाँ-मारी हे स्वतः हैतीयन. त्यांच्याकडे सांगायला बातमी नव्हती आणि लोकांनाही ती तिथे मिळेल अशी आशा नव्हती. पण घरी एकट्याने फोन दाबत बसण्यापेक्षा तिथे बसणं बरं.

याच सुमाराला अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी-प्रवचनकाराने जाहीर केलं की हैतीयनांनी फ्रेंचांपासून सुटका व्हावी म्हणून सैतानाशी करार केला होता, त्याचं हे फळ. १८०४ साली जगातल्या एका यशस्वी गुलाम-उठावातून जन्मलेल्या देशाविषयी हे उद्गार. त्या आठवड्यात लिटल हैतीतल्या प्रत्येक व्यासपीठावरच्या माणसाला ‘देवाने असं का केलं’ या प्रश्नाबरोबर ‘हे आपल्या पापाने झालं का’ याही प्रश्नाला तोंड द्यायचं होतं. दुसरा प्रश्न बाहेरून लादलेला होता आणि म्हणून जास्त झोंबणारा.

हैतीत माणूस गेल्यावर नऊ दिवस प्रार्थना चालते; नवव्या रात्री शेवटची प्रार्थना होते, शेजारपाजार जमतो, कॉफी फिरते, गेलेल्याच्या गोष्टी निघतात, हसणंही होतं. पण नऊ दिवस मोजायचे कुठून? ज्याचं शरीर सापडलं नाही त्याचा पहिला दिवस कोणता? पोर्त-ओ-प्रँसमध्ये हजारो प्रेतं ट्रकांनी शहराबाहेर तितांयँला नेऊन सामूहिक खड्ड्यांत पुरली जात होती. मायामीत बसलेल्या मुलीला आई मेली असं कोणी सांगितलेलं नाही आणि जिवंत आहे असंही नाही. अशा वेळी मिस्सेत नावं वाचणं हा एकच विधी उरतो. नाव वाचलं की निदान त्या घरापुरता दिवस ठरतो.

मग मदत. यात दोन प्रवाह होते आणि ते एकमेकांत फारसे मिसळले नाहीत.

एक प्रवाह मोठा. अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चांत त्या जानेवारीत खास दान गोळा झालं. एकूण रक्कम आठ कोटी डॉलरच्या वर गेली. त्यातला सुमारे ६० टक्के भाग १९५४पासून हैतीत काम करणाऱ्या कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसकडे मदतकार्यासाठी आणि उरलेला पडलेली चर्चं, शाळा, सेमिनरी पुन्हा बांधण्यासाठी. चर्चसाठी पैसा राखणं काहींना खटकलं. मला ते तितकंसं खटकत नाही, कारण हैतीच्या खेड्यात शाळा असते ती बहुधा चर्चचीच आणि दवाखानाही बऱ्याचदा तिचाच. मोबाइलवरून एक शब्द पाठवला की दहा डॉलर कापले जात. त्या मार्गाने अमेरिकन रेड क्रॉसकडे ३ कोटी २० लाख डॉलर जमले. रेड क्रॉसकडे हैतीसाठी एकूण आले ते सुमारे ५० कोटी. २०१५ साली प्रोपब्लिका आणि एनपीआर यांच्या पत्रकारांनी हिशेब मागितला तेव्हा निघालं की त्यातून कायमची घरं उभी राहिली सहा. रेड क्रॉसने तात्पुरते निवारे, पाणी, लसीकरण यांचे आकडे पुढे केले. ते खोटे नव्हते. पण सहा हा आकडा एकदा वाचला की पुसला जात नाही.

दुसरा प्रवाह म्हणजे पिंप. ५५ गॅलनचं निळं प्लास्टिकचं पिंप लिटल हैतीतल्या कित्येक घरांच्या व्हरांड्यात बारा महिने उभं असतं. तळाशी तांदळाच्या गोण्या, त्यावर घेवडा, तेलाचे डबे, टोमॅटोची पेस्ट, आंघोळीचे साबण, शाळेच्या वह्या. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत औषधाच्या पट्ट्या. रिकामी फट राहू द्यायची नाही, कारण भाडं पिंपाचं असतं, वजनाचं नव्हे. भरलं की झाकणावर कडं आवळून नाव लिहायचं आणि मायामी नदीच्या धक्क्यावर सोडायचं. तिथली जुनी मालवाहू गलबतं गाद्या, सायकली, पिंपं यांचे डोंगर पाठीवर घेऊन हैतीच्या वायव्येकडच्या पोर-दे-पेसारख्या बंदरांना जातात. मायामीतले बरेच हैतीयन मूळचे त्याच भागातले. गिरगाव-परळच्या खोल्यांतून कोकणातलं गाव चालवणारे चाकरमानी ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा कारभार समजवायला नको. परदेशी गेलेल्यांनी पाठवलेला पैसा हैतीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त होता. कुठल्याही संस्थेच्या मदतीहून तो मोठा आणि मुख्य म्हणजे न थांबणारा.

भूकंपानंतर दोन्ही प्रवाह अडले. पोर्त-ओ-प्रँसच्या बंदरातली क्रेन पाण्यात गेली. विमानतळाची एकच धावपट्टी. तिचा ताबा अमेरिकी सैन्याकडे. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सची विमानंसुद्धा उतरू न देता शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाकडे वळवली गेली. आणि मायामीत मात्र सामानाचा पूर आला. जुने कपडे, बाटलीबंद पाणी, कालबाह्य औषधं. हे आपल्याला नवं नाही. २००४च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते. मासेमारी करून स्वाभिमानाने जगणाऱ्यांनी ते हातात धरले नाहीत. देणाऱ्याला कपाट रिकामं केल्याचं समाधान, घेणाऱ्याला ढीग उपसण्याचं काम. पिंपात मात्र कधी नको असलेली वस्तू जात नाही, कारण भरणाऱ्याला झाकण उघडणाऱ्याच्या पायाचं माप माहीत असतं.

चर्चच्या मदतीला वाकडं वळणही लागलं, तेही सांगायला हवं. जानेवारीच्या अखेरीस आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट चर्चशी संबंधित दहा जण ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन सीमेकडे निघाले असताना पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं त्यांचं म्हणणं. नंतर निघालं की त्यांचे आई-वडील किंवा दोघांपैकी एक जण हयात होता. चांगलं शिक्षण मिळेल या आशेने त्यांनी मुलं सोपवली होती. मायामीच्या धर्मप्रांतानेही ‘ऑपरेशन पिएर पान’ नावाची एक योजना मांडली होती. १९६०-६२मध्ये क्यूबातून चौदा हजारांवर मुलं याच धर्मप्रांताच्या पुढाकाराने एकटी अमेरिकेत आणली गेली, त्या ‘पेद्रो पान’च्या धर्तीवर. ती पुढे गेली नाही आणि ते बरंच झालं. लिटल हैतीतल्या आत्या-मावश्यांना भाचरं हवी होती, पण त्यांच्याकडे ती आणायचे कागद नव्हते. मुलांना कुटुंब होतं. सरहद्द मध्ये होती.

जखमींचंही असंच. मायामी विद्यापीठाच्या डॉक्टरांचा ‘प्रोजेक्ट मेडिशेअर’ १९९४पासून हैतीत होता. त्यांनी विमानतळावर तंबूंचं रुग्णालय उभारलं, त्यात हैतीयन वंशाच्या परिचारिका मोठ्या संख्येने होत्या. पण गंभीर जखमींना फ्लोरिडाला आणणारी लष्करी विमानं महिनाअखेरीस काही दिवस थांबली, कारण खर्च कोणी सोसायचा यावर राज्य आणि केंद्र यांचं जमेना.

१५ जानेवारीला, भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, वॉशिंग्टनहून घोषणा झाली. १२ जानेवारी रोजी अमेरिकेत असलेल्या हैतीयनांना, ते कसेही आलेले असोत, १८ महिने परत पाठवलं जाणार नाही आणि कामाचा परवाना मिळेल. याला टीपीएस म्हणतात. लिटल हैतीतल्या संघटना वर्षानुवर्षं हेच मागत होत्या. २००८मध्ये चार वादळांनी हैती झोडपल्यावरही मागितलं होतं, मिळालं नव्हतं. ‘फान्म’ ही हैतीयन स्त्रियांची संघटना आणि तिच्या नेत्या मार्लेन बास्तिएन यांचा यात मोठा वाटा. माझ्या मते त्या भूकंपानंतर अमेरिकेने हैतीला केलेली सगळ्यात उपयोगी मदत हीच, आणि तिला सरकारी खजिन्यातून जवळजवळ काहीच लागलं नाही. उलट अर्जदारालाच शुल्क आणि ठशांचे मिळून ४७० डॉलर भरायचे होते. पण परवाना हाती आला की माणूस उघडपणे काम करू शकतो आणि महिन्याच्या शेवटी शंभर डॉलर जास्त पाठवतो.

फक्त एक अट: १२ जानेवारीला तुम्ही इथे होतात, हे सिद्ध करा.

वर्षानुवर्षं आपण इथे नाहीच असं भासवत जगलेल्या माणसाने ते कसं सिद्ध करायचं? घरभाड्याची पावती नाही, कारण भाडं रोख, विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर, पगारही रोख. बँकेत खातं नाही. कॅथलिक चॅरिटीजच्या वकिलांनी आणि स्वयंसेवकांनी चर्चच्या सभागृहांत टेबलं मांडून अर्ज भरायला सुरुवात केली तेव्हा हीच गाठ पुन्हा पुन्हा समोर आली. आणि इथे अमेरिकी नियमावलीतली एक ओळ कामाला आली. टीपीएसच्या नियमांत वास्तव्याचा पुरावा म्हणून जी कागदपत्रं चालतात त्यांत चर्चचं पत्र आहे. मात्र कसंही लिहिलेलं नाही. पत्रात अर्जदाराचं नाव हवं. सही करणाऱ्याचं पद हवं. तो माणूस चर्चचा सदस्य कधीपासून कधीपर्यंत, त्या काळात कुठल्या पत्त्यावर राहत होता, हे हवं. संस्थेचा शिक्का किंवा छापील शीर्षपत्र हवं. आणि लिहिणारा त्याला कसा ओळखतो, ही माहिती त्याला कुठून मिळाली, तेही हवं.

आता एखाद्या धर्मग्रामात रोज काय चालतं ते आठवावं. बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद: तारीख, आई-बापांची नावं, धर्ममातापित्यांची नावं. प्रथम कम्युनियनच्या वर्गाची हजेरी. लग्नाच्या घोषणा. गायकवृंदाची यादी. दानाच्या पाकिटांवरचे क्रमांक. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात कोण आलं, कोण नाही. या वह्या कुणी भूकंपाच्या तयारीसाठी ठेवत नाही. वसईच्या किंवा उत्तनच्या एखाद्या चर्चच्या कार्यालयात गेलात तर अशा वह्या तिथेही दिसतील. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्यांना त्यांची किंमत ठाऊक आहे. पण देशाच्या एकाही सरकारी दफ्तरात ज्यांची नोंद नाही अशा माणसांची नोंद ठेवणारी ती बहुधा एकुलती एक जागा असते. शेजारणीच्या बाळाला वेदीसमोर हातात धरून उभी राहिलेली बाई त्या दिवशी त्या शहरात होती, हे कुठलाही अधिकारी नाकारू शकत नाही.

मदत म्हणून जे काही जमवलं गेलं त्यात कुणी हे मोजत नाही. पण चर्चच्या शिक्क्याची ही किंमत त्या अडचणीच्या काळात तयार झाली नव्हती. ती आधीच्या तीस वर्षांच्या कंटाळवाण्या रविवारांनी तयार केली होती. पन्नास हजारांहून जास्त हैतीयनांना पुढे ते संरक्षण मिळालं. देशभर चर्चंच नव्हेत, अनेक संघटना त्यासाठी राबल्या. नोत्र दाम त्यांपैकी एक.

हैतीवरचं संकट संपलं नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये पटकी आली, तीही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरच्या सांडपाण्यातून. आठ लाखांवर लोकांना लागण झाली, सुमारे दहा हजार मेले. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला. ऑगस्ट २०२१मध्ये दक्षिणेत ७.२ तीव्रतेचा दुसरा भूकंप झाला, त्याच्या महिनाभर आधी राष्ट्राध्यक्षांचा घरात शिरून खून झालेला. राजधानी टोळ्यांच्या हाती गेली. जुन्या कॅथेड्रलच्या शेजारी उभारलेल्या तात्पुरत्या कॅथेड्रलवरही २०२२मध्ये टोळ्यांनी हल्ला केला. नोव्हेंबर २०२४मध्ये उतरणाऱ्या प्रवासी विमानावर गोळ्या झाडल्या गेल्यावर अमेरिकी विमानांचं पोर्त-ओ-प्रँसला जाणं बंद झालं.

मायामीत त्याच आवारात मोठं नवं चर्च उभं राहिलं. २७ जूनला, हैतीची आश्रयदात्री मानल्या जाणाऱ्या निरंतर साहाय्य मातेच्या सणाला, मायामी धर्मप्रांतातले हैतीयन हजारोंच्या संख्येने एकत्र येतात. १ जानेवारीला स्वातंत्र्यदिनाचं भोपळ्याचं सूप घरोघर शिजतं. गुलामांना जे चाखायची मनाई होती तेच मुद्दाम. आणि त्यानंतर अकराच दिवसांनी १२ जानेवारीची मिस्सा.

१८ महिन्यांचा तो कागद मुदतवाढीवर मुदतवाढ घेत टिकला. २०१७मध्ये तो रद्द करायची घोषणा झाली, न्यायालयांनी ती रोखली. २०२१मध्ये नव्याने दिला गेला, धारकांची संख्या वाढत साडेतीन लाखांच्या घरात गेली. २०२५मध्ये तो संपवायचा निर्णय पुन्हा जाहीर झाला आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. अर्जदारांच्या त्या पहिल्या रांगेत आईच्या कडेवर असलेलं मूल आता वाहन परवान्याच्या वयाचं झालं आहे. ते अमेरिकेत जन्मलेलं, म्हणजे नागरिक; आई मात्र अजून तात्पुरती. दर मुदतवाढीला ती पुन्हा फॉर्म भरते, पुन्हा बोटांचे ठसे देते, पुन्हा शुल्क मोजते. व्हरांड्यातलं पिंप भरून झालं की मायामी नदीवर जातं. राजधानीच्या बंदराचा भरवसा नसल्याने ते उत्तरेतल्या काप-आयसियँला किंवा पोर-दे-पेला उतरवायचं आणि तिथून कुणीतरी ओळखीचा ट्रकवाला बघायचा.